माग

वडगावात, आमची गल्ली लागायच्या आधी,
एकशे चाळीस पावलं यंत्रमागांची.
मोजलीत मी.
दोन्हीकडे पत्र्याच्या शेडी, आत साड्या निघतात
खटक खटक खटक, रात्री नऊलाही.
मैत्रिणी म्हणतात, एवढी जाग असते, भीती कसली?
त्या जागेचीच तर.
मागांच्या आवाजात
मागचा आवाज बुडतो.

लायब्ररी साडेआठला बंद होते,
बस नाथ पै सर्कलला सोडते, पुढे पायी.
किल्ली दोन बोटांत धरायची, टोक बाहेर.
बंद दुकानाच्या काचेत बघायचं, वळून नाही;
वळलीस की त्याला कळतं तुला कळलंय,
असं आई म्हणते.
ती हे कुठे शिकली, मी विचारलेलं नाही.

बाबांचा भाजीचा टेम्पो रात्री गोव्याला जातो.
नऊला ते चोर्ला घाटात. तिथे रेंज नाही.
म्हणून मी त्यांच्याशी रोज बोलते.
"हं बाबा. आलेच. कोपऱ्यावर कशाला आलात थंडीचं?"
बंद फोनला, चांगलं खणखणीत.
कोबीच्या गोण्यांपुढे बसून गिअर बदलणाऱ्या त्या माणसाला
ठाऊकच नाही
की तो दोन वर्षं रोज कोपऱ्यावर उभा आहे.

परवा करंट गेला.
सगळे माग एका दमात थांबले
आणि माझ्या चपलांचा आवाज आला. मग
अर्ध्या मात्रेनं उशिरा
आणखी एक.
मी थांबले.
तोही.

ओरडावं तर कुठल्या भाषेत?
मराठीत ओरडले तर या गल्लीतली निम्मी दारं उघडतील,
आणि कुठली निम्मी, ते अंधारात दिसत नाही.
कन्नड मला बसमधलं तेवढं येतं:
स्वल्प सरीरी. जरा सरका.
हे ओरडून काय होणार.

मग तोच जुना फोन.
"बाबा, कुठवर आलात?"
आवाज चिरकला.

आणि उत्तर आलं. फोनमधून नाही,
डावीकडच्या एका पायरीवरून:
"बा यव्वा, इष्टोत्तु याक?"
आणि लगेच, आपल्यात:
"तुझं बाबा आत बसलंय, चा पितंय. ये की."

पावलं माझ्या बाजूनं पुढे गेली.
हातात डबा होता. चेहरा दिसला नाही.
त्याला नुसतं घरी जायचं असेल.
किंवा नसेल.
हे मला कधीच कळणार नाही
आणि हे न कळणंसुद्धा
दप्तरात घालून मीच चालायचं.

निलव्वा कांड्या भरते. केसांत, भुवयांत सुताची कुसं.
मोबाईलच्या उजेडात तिनं मला पाणी दिलं.
म्हणाली, "रोज बघतो मी. कोपऱ्यावर कोण नसतंय."
मी म्हटलं, एवढ्या खटखटीत तुम्हाला ऐकू येतं?
"नाही गे. शेडीच्या दिव्याखालनं जातीस तवा ओठ दिसतात.
मागावर आम्ही ओठच ऐकतो."

दोन वर्षं.
मी तिला आवाज समजत होते.

करंट आला. ती उठली, आत गेली,
हात केला, काहीतरी बोलली.
मला ओठ वाचता येत नाहीत अजून.

रविवारी बाबा घरी होते. मटार सोलत विचारलं,
"रात्री यायला त्रास नाही ना गे काही?"
निलव्वाचं सांगायचं होतं.
पण निलव्वाचं सांगायचं तर करंट सांगावा लागतो,
करंट सांगितला की ते पाऊल,
आणि पाऊल सांगितलं
की साडेआठची लायब्ररी साडेपाचला बंद.

"नाही," म्हटलं. "कोपऱ्यावर कुणीतरी असतं."
त्यांनी एक दाणा तोंडात टाकला
आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.